पहिल्या बाकावरचा हेडमास्तर

आमच्या आत्याला तिचे विद्यार्थी पाठीमागं 'कात्री' म्हणतात. ते तिला ठाऊक आहे आणि आवडतंही. इंग्रजी बोलायचा तिचा क्लास आमच्याच पुढच्या खोलीत भरतो. नियम एकच: नवा शब्द आला की प्रत्येकानं उभं राहून स्वतःच्या आयुष्यातलं खरं वाक्य सांगायचं. जमेपर्यंत बसायचं नाही.

पूर्वी ती शाळेत शिकवायची. तिथल्या हेडमास्तरच्या भाच्यानं परीक्षेचा पेपर फोडला आणि हेडमास्तरनं सगळ्या शिक्षकांसमोर आत्याला उभं करून तिच्यावर आळ घेतला. नोकरी गेली. आजोबांनी लाजेनं घराबाहेर पडणं सोडलं आणि ते तसेच गेले. आमच्या घरात 'हेडमास्तर' ही शिवी आहे.

यंदा तोच नाक मुठीत धरून दारात आला. मुलाकडे परदेशात जायचं तर इंग्रजीची तोंडी परीक्षा द्यायची होती, आणि आत्याकडे शिकलेला सहसा नापास होत नाही. मी म्हटलं, हाकलून दे. तिनं त्याला पहिल्या बाकावर बसवलं.

काल फळ्यावर दोन शब्द होते, अव्हेंज आणि रिव्हेंज. दोन्ही सुडाचेच. पण अव्हेंज हे क्रियापद, बहुतेक दुसऱ्यावर झालेल्या अन्यायासाठी. रिव्हेंज बहुधा नाम, 'टेक' लावून घ्यायचा, आणि त्यात आपला स्वतःचा राग जास्त. एवढं सांगून ती हेडमास्तरकडे वळली.

त्यानं सिनेमातल्या खलनायकाचं वाक्य केलं. खोटं, म्हणाली. शेजाऱ्याच्या कुत्र्याचं केलं. तेही खोटं. पोरं फिदीफिदी हसली. तो उभाच. मला जराही कीव आली नाही.

शेवटी तो हळूच म्हणाला, "चुकलं माझं, बाई. पेपर माझ्या भाच्यानं फोडला होता."

"इंग्रजीत सांगा," आत्या म्हणाली. "शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

त्यानं मागं वळून पाहिलं. शेवटच्या बाकावर त्या शाळेतल्या जुन्या शिक्षिका बसल्या होत्या. आत्यानं त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. त्यानं अडखळत इंग्रजीत सांगितलं. तिनं त्याचे उच्चार सुधारले आणि पुन्हा म्हणायला लावलं.

घाम पुसत त्यानं विचारलं, "आता झालं ना, बाई?"

"बाबांचं झालं," आत्या म्हणाली. "माझं राहिलंय. उद्या वेळेवर या."