सोमवारी कुलकर्ण्यांकडे

वर्गणी मागायला निघालं की चहा आणि किस्से हमखास मिळतात. वर्गणीचं काही सांगता येत नाही. आमच्या सिंगापूरच्या टोळक्याकडे असे किस्से पोत्यानं साठलेत. त्यातले काही खरे आहेत. बाकीचे मी सांगतो.

ही वर्गणी गणपतीची नव्हे, वॉलेसच्या कॉलेजची. वॉलेस माझ्या ऑफिसातला. अमेरिकेच्या दक्षिणेकडचा, काळा, साडेसहा फुटी. काळ्या मुलांना दुसरीकडे दारातही उभं करत नसत, त्या काळात त्यांच्यासाठी निघालेल्या एका छोट्या कॉलेजात तो शिकला. तिथल्या आताच्या मुलांसाठी तो दरवर्षी पैसे जमवायचा. २०१४च्या सुमाराला त्यानं आम्हाला गाठलं. आमच्या गणपतीची पावती त्यानं मुकाट्यानं फाडली होती, तेव्हा नाही कोण म्हणणार!

*

बिशानचे कुलकर्णी बँकेत. दिवसभर दुसऱ्यांचे कोट्यवधी इकडून तिकडे करतात, पण शेजाऱ्याकडे दहा डॉलर मागताना त्यांना घाम फुटतो. त्यांच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये आम्ही बटाटेवड्यांचा स्टॉल लावला आणि पेटी त्यांच्या हातात दिली. ती पोटाशी घट्ट धरून ते असे उभे राहिले, की लोकांना वाटलं सिक्युरिटी आहे. दोघांनी पार्किंगची चौकशी केली.

*

मग सेम्बावांगच्या शिंद्यांनी सूत्रं घेतली. शिपयार्डातला माणूस, आवाज भोंग्यासारखा. त्यांनी नियम काढला : आधी वॉलेसचं ऐकायचं, मग वडा. वॉलेस सुरू झाला. कॉलेजचा बँड, ऑक्टोबरात परत येणारे जुने विद्यार्थी, आता हयात नसलेले मास्तर... वडे गार झाले, पण त्याला थांबवेना. बोलता बोलता तो डोळे पुसायला लागला.

रांगेतल्या चिनी आंटीनं पेटीत नोट टाकली आणि म्हणाली, "डोन्ट क्राय लाह. मी दोन घेते."

*

त्या फंडातून डेनिस आली. वॉलेसच्या कॉलेजातली शेवटच्या वर्षाची मुलगी, सिंगापूरला सहा महिन्यांच्या कोर्ससाठी. आजीनं वाढवलेली. घरात आजवर कुणी ग्रॅज्युएट नाही. तिकीट, फी, खोली सगळं झालं होतं. जेवण मात्र आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं! पोरगी महिनाभर एका वेळच्या जेवणावर होती. कोर्स सोडून परत जाते म्हणाली. म्हणजे डिग्री गेलीच.

माझी बायको सुनंदा म्हणाली, "वार लावू या."

मी वॉलेसला समजावलं : गरीब विद्यार्थी आठवड्याचा एकेक वार एकेका घरी जेवायचा. माझे आजोबा असेच शिकले.

"कुणीही मुलगा जायचा?" त्यानं विचारलं.

वार लावायच्या आधी जात विचारायचे, हे शेवटी सांगावंच लागलं.

"त्याचसाठी आमची कॉलेजं निघाली," वॉलेस म्हणाला आणि वार लिहायला कागद पुढे ओढला.

सोमवार कुलकर्णी, बुधवार शिंदे, शुक्रवार सेंगकांगला आमच्याकडे. उरलेले वॉलेसचे.

*

पहिल्याच सोमवारी कुलकर्ण्यांच्या वैशालीवहिनींनी चवळीची उसळ केली. डेनिसनं एक घास घेतला आणि रडायलाच लागली. वहिनींना वाटलं, तिखट लागलं. त्यांनी साखर पुढे केली. तिनं साखर खाल्ली आणि पुन्हा रडायला लागली. तिची आजी नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी हीच चवळी शिजवते, हे दुसऱ्या वाढपाला कळलं.

*

डेनिस कोर्स पुरा करून गेली. पुढचे कित्येक शुक्रवार सुनंदा चार पोळ्या जास्त लाटायची आणि पीठच जास्त भिजलं म्हणायची.

काही महिन्यांनी कॉलेजच्या पदवीदानाचे पास आले, तीन घरांना तीन. कुलकर्ण्यांनी रजा मागायचा सराव केला, पण मागितली नाही. शिंद्यांचं जहाज डॉकमध्ये. माझी मुलगी परीक्षेला बसलेली. गेला फक्त वॉलेस.

त्यानं फोटो पाठवला. हॉल खच्चून भरलेला. पहिल्या रांगेत हॅट घातलेली आजी, आणि तिच्या शेजारी तीन खुर्च्या रिकाम्या. त्यांच्यावर कागद चिकटवलेले, वाकड्यातिकड्या देवनागरीत : सोमवार. बुधवार. शुक्रवार.

वॉलेस तासभर भिंतीला टेकून उभा होता म्हणे. मधे एकदा त्यानं विचारून पाहिलं, की ती मंडळी काही येत नाहीत, मी बसू का?

आजी म्हणाली, "उभा राहा. स्वयंपाक आवरून येतात ती, उशीर होणारच."