जमीलाच्या हातचा पंप

इलाहीबक्ष यांच्या सोलापुरातल्या दुकानात मिक्सर, व्हायब्रेटर, पाणी उपसायचे पंप असं बांधकामाचं सारं सामान भाड्यानं मिळतं. अशी दुकानं गावात पुष्कळ, पण या गृहस्थांची मशीन घ्यायची तऱ्हा निराळी. नवं मशीन आधी त्यांच्या घरी जायचं. अंगणात त्यांची बायको जमीला पदर खोचून पुढं यायची आणि कुणाला काही न विचारता ते चालू करून बघायची. चालू झालं तर दुकानात, नाही तर आल्या पावली परत. विक्रेते वैतागायचे, हा काय घरातला मिक्सर आहे का म्हणायचे. इलाहीबक्ष मान डोलवायचे आणि जमीला म्हणेल तेच करायचे.

गेल्या वर्षी जमीलाला लकवा मारला आणि उजवा हात गेला. त्या दिवसापासून त्यांनी मशीन घरी आणणं बंद केलं. तिला वाईट वाटू नये, एवढंच मनात. भला माणूस, पण बायकोच्या बाबतीत अगदीच भोळा. हात गेला तो गेलाच, वर तिचं कामही आपण काढून घेतलं, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. जमीला दारात खुर्ची टाकून बसायची आणि टेम्पोचा आवाज आला की मान वळवायची.

यंदा सीना नदीकाठच्या बारा गावांनी पुरासाठी पंप घ्यायचे ठरवले आणि निवड इलाहीबक्षांवर सोपवली. त्यांनी एक दांडगा पंप स्वतः चालू करून पाहिला, पसंत केला आणि नमुना म्हणून एका गावात ठेवला. दहाच दिवसांत सीना फुगली. पुरुषमाणसं जनावरं हलवायला माळावर गेलेली. अंगणवाडीत पाणी शिरलं तेव्हा तिथं होत्या फक्त कस्तुराबाई, अंगणवाडीच्या सेविका. त्यांनी पंप चालू करायची दोरी ओढओढ ओढली. पंप ढिम्म हलला नाही. पोरांच्या खाऊचं धान्य डोळ्यांदेखत भिजलं.

पंप परत आणायला इलाहीबक्ष स्वतः गेले. कस्तुराबाईंनी तक्रारीचा शब्द काढला नाही, उलट चहा दिला. कप घेताना बाईंचे सोललेले तळवे दिसले आणि इलाहीबक्षांनी कप तसाच खाली ठेवला.

तिथून टेम्पो त्यांनी थेट घरी नेला. पंप जमीलाच्या खुर्चीपुढं उतरवला आणि खाली मान घालून झाला प्रकार सांगितला. जमीलानं डाव्या हातानं दोरी धरली. एकदा ओढली, दोनदा ओढली. मग इंजिन चालू व्हायला सरकवायचा चोक शोधला, तो सापडेना.

"बिलालचे अब्बा," ती नवऱ्याला म्हणाली, "माज्यानं चालू होत न्हाय त्यो परत पाठवायचा, आसं तुमीच ठरवलंय की. मग वरीसभर मला का न्हाय विचारलं?"

इलाहीबक्ष तिच्या खुर्चीपुढं खाली बसले. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत.

त्या आठवड्यात अंगणात चार पंप आले आणि चारही परत गेले. पाचवा लहानसा, दोन चाकांचा, एका हातानं ओढत नेता येईल असा. जमीलानं आत पाणी भरायला सांगितलं, चोक सरकवला, डाव्या हातानं दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला पंप सुरू झाला. मग इलाहीबक्षांनी बारा गावांसाठी तसलेच बारा पंप घेतले, तिच्या सांगण्यावरून त्यांच्या चोकला लाल रंग दिला आणि ते गावोगाव पोचवले.

महिनाभरानं सीना पुन्हा चढली. दुपारी कस्तुराबाईंचा फोन आला, पण मागच्या धडधडाटात त्यांचं बोलणं काही ऐकू येईना. इलाहीबक्ष पळत अंगणात आले आणि फोन जमीलाच्या कानाला लावला.

ती डोळे मिटून तो धडधडाट ऐकत राहिली.

"माज्या हातचाच हाय," ती म्हणाली.