डबा उघडेपर्यंत

माझे वडील, अण्णा, हिंगोली ते सेनगाव काळीपिवळी जीप चालवायचे. ते आजारी पडले, आजार वाढत गेला, आणि हे त्या रस्त्यावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. एकट्या मला नव्हतं. माझ्यापासून लपवायचं अण्णांनी स्वतःच ठरवलं होतं, माझ्या कामाचा नियम मोडू नये म्हणून. असा नियम माझ्या कामात नाही. तो त्यांच्या डोक्यात कसा गेला, हे मला आता सांगता येतं, पण आता ते त्यांनाच सांगायची सोय उरली नाही.

मी पुण्यात भौतिकशास्त्राच्या एका संस्थेत आहे. विश्वात जेवढं दिसतं त्याच्या कितीतरी पट न दिसणारं काहीतरी आहे. ते उजेड देत नाही की अडवत नाही, पण त्याला वजन आहे. ते नसतं तर इतक्या वेगानं फिरणाऱ्या दीर्घिका कधीच विखुरल्या असत्या. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. ते कशाचं बनलंय हे कुणालाच माहीत नाही. एखाद्या नव्या कणाचं असावं असा आमचा अंदाज. तसा कण चुकून कशावर आदळलाच तर कळावं म्हणून दूर देशातल्या एका जुन्या खाणीच्या तळाशी द्रवरूप वायूची मोठी टाकी ठेवली आहे. काही आदळलं की तिच्यात उजेडाचा बारीक ठिपका उमटतो. बहुतेक ठिपके भलत्याच कशाचे तरी असतात. ते ओळखून बाजूला काढणं हे माझं काम.

अण्णांनी या सगळ्याचं एक वाक्य केलं होतं, 'पोरगी न दिसणारं शोधून राहिली.' जीपमधल्या लोकांना तेवढं पुरायचं. मी सुट्टीला आले की हिंगोलीच्या डेपोबाहेर जीपमध्ये पाय ठेवायच्या आत कुणीतरी विचारायचं, "सापडलं का?" मग मागच्या सीटवरून तेच, टपावरच्या पोत्यांना दोर आवळणाऱ्याचंही तेच. बाजाराला निघालेल्या एका म्हातारीनं तर एकदा पोलिसात कळवायचा सल्ला दिला. मी चिडायचे. अण्णा गिअर टाकत शांतपणे म्हणायचे, शोधून राहिली.

मागच्या दिवाळीत मी घरी डब्याची गोष्ट सांगितली. टाकीतल्या ज्या नोंदींमध्ये तो कण असण्याची शक्यता असते, त्या आम्ही स्वतःपासूनच झाकून ठेवतो. त्याला आम्ही डबा म्हणतो. चाळणी कशी लावायची, काय ठेवायचं, काय टाकायचं हे सगळं आधी ठरवायचं, आणि मगच डबा उघडायचा. एकदा उघडला की पुन्हा चाळणी बदलायची नाही. आधीच आत डोकावलं तर मन हव्या त्या बाजूला झुकतं, आणि नसलेलंही दिसायला लागतं.

माय म्हणाली, एवढं शिकूनही स्वतःवर भरवसा नाही का? पण अण्णांना ते फार पटलं. लायसनच्या वेळी डोळे तपासायला गेले होते तेव्हा त्यांच्या पुढच्या माणसानं तक्त्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचली होती. मग यांची पाळी आली आणि यांना शेवटची ओळसुद्धा लख्ख दिसली. ते पाठ म्हणत नव्हते, खरंच दिसत होतं, असं ते शपथेवर सांगायचे. मी हसले आणि म्हणाले, "बस, हेच. म्हणून डबा उघडेपर्यंत आमच्या कानावर कुणी काही घालायचं नसतं." हे वाक्य माझंच.

हळदीचा हंगाम सुरू झाला तसा फोनवर त्यांचा आवाज बारीक झाला. मोंढ्याच्या बाजारातली हळदीची धूळ घशात गेली, असं ते म्हणाले. दर वर्षी जातेच, त्यामुळे मी पुढे विचारलं नाही. प्रत्येक फोनमध्ये ते एकच विचारायचे, डबा कधी? मला गंमत वाटायची, थोडा अभिमानही. मी लवकरच म्हणायचे.

मग मलाच शंका आली. टाकीच्या कडेला उमटणारे काही भलते ठिपके आमच्या चाळणीतून निसटतायत असं वाटलं. मी बैठकीत हटून बसले की हे नीट केल्याशिवाय उघडायचं नाही. सगळ्यांनी मानलं. त्या संध्याकाळी मी अण्णांना सांगितलं की डबा लांबला, उन्हाळा सरेल.

सरेल म्हणजे नक्की कधी, असं त्यांनी दोनदा विचारलं. मग ते म्हणाले, "बराबर हाय. घाई करू नको, बाई. एकदा उघडला का मंग झाकता येत न्हाई."

उन्हाळा सरण्याआधीच मोठ्या भावाचा फोन आला. अण्णांची तब्येत जरा नरम आहे, येऊन जा. आमच्याकडे दूरच्या लेकराला मरणाची बातमी फोनवर देत नाहीत. नरम आहे एवढंच सांगतात, आणि ऐकणारंही पुढे विचारत नाही. मीही विचारलं नाही. कधीकधी नरम म्हणजे नुसतं नरमच असतं, असं घोकत पहाटे हिंगोलीत उतरले.

डेपोबाहेर जी जीप उभी होती तिचा ड्रायव्हर अण्णांचा जुना जोडीदार. त्यानं माझी बॅग घेतली, पुढच्या खिडकीजवळ बसलेल्या माणसाला उठवलं आणि ती जागा मला दिली. जीप भरली. ओळखीचे चेहरे होते, ती पोलिसात कळवा म्हणणारी म्हातारीही होती. मी वाट पाहत राहिले. हिंगोली मागे पडली, शेतं लागली, लोक चढले, उतरले. सेनगावपर्यंत एकानंही मला विचारलं नाही, सापडलं का. तेव्हा मला कळलं.

अण्णांच्या पोटात गाठ होती. नांदेडच्या डॉक्टरांनी फार आधीच सांगितलं होतं. अण्णांनी घरातल्यांना, जीपवाल्यांना, रोजच्या पॅसेंजरांनासुद्धा बजावलं होतं, डबा उघडेपर्यंत पोरीच्या कानावर काही घालायचं नाही, तिचं काम नासंल. सगळ्यांनी ते पाळलं. मी ऐकलं आणि सुतकाच्या घरात ओरडले. तो नियम आकड्यांसाठी असतो, बापासाठी नसतो, एवढं तुमच्यातल्या एकालाही कळू नये? भाऊ मान खाली घालून म्हणाला की त्यांनी शपथ घातली होती. मला तेव्हा त्या सगळ्यांचा राग आला होता. तो अजून गेलेला नाही, आणि सगळ्यात जास्त राग अण्णांचाच आहे.

तेरवीच्या आधीच पुण्याहून विचारणा झाली. चाळणी तयार होती. तुझ्यासाठी थांबू का, असं ते विचारत होते. मी म्हटलं, उघडा.

अण्णांची जीप अंगणात उभी होती. मी त्यांच्या जागेवर जाऊन बसले. दुपारी निरोप आला. ठिपके होते, पण नेहमीच्या कारणांनी जेवढे यायला हवेत तेवढेच. नवं काही नाही. डबा रिकामा. सहकाऱ्यांनी माझं कौतुकही केलं, कारण माझी शंका खरी निघाली होती. आधीच्या चाळणीनं उघडला असता तर कडेचे ठिपके पाहून आम्ही फसलो असतो.

माय ओसरीवरून उठून जीपजवळ आली. अण्णांचा मोबाइल तिच्या हातात होता. रोज चार्ज करून ती तो जवळ ठेवत होती. तिनं विचारलं, "उघडला का?"

"उघडला. काहीच न्हाई निघालं, माय."

तिनं मान हलवली. "त्यायले ठाव व्हतं. म्हनायचे, रिकामाच निघंल. मंग पोरगी फोन करंल अन् रडंल. तव्हा फोन उचलाले मी पायजे. मनून रोज इचारत व्हते, आज उघडला का, आज उघडला का."

माय जीपच्या दुसऱ्या बाजूनं आली, पॅसेंजरच्या सीटवर चढून बसली आणि म्हणाली, "लाव फोन."

मी अण्णांचा नंबर लावला. तिच्या हातातला मोबाइल वाजला. तिनं बोटानं चाचपून हिरवं बटण दाबलं, मोबाइल कानाला लावला आणि समोरच्या काचेकडे बघत म्हणाली, "हां, बोल बाई."

मी फोनमध्ये सांगितलं की डबा उघडला आणि त्यात काही नव्हतं.

"बरं," माय म्हणाली. "रड आता."