तिसरा रकाना

म्हात्रेकाकांपुढे इंग्रजी अहवाल ठेवला की ते त्यातली क्रियापदं तेवढी शोधत, एकेकाखाली पेन्सिलीने रेघ मारत आणि विचारत, "हात कोनाचा?" पहिल्या दिवशी मी दचकून माझेच हात टेबलाखाली घेतले होते. तळोज्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात, कागदपत्रांच्या विभागात मी तेव्हा नुकतीच लागले होते. समोरचा हा पांढऱ्या मिशांचा निवृत्त फिटर आमच्या अहवालांचं झेक भाषेत भाषांतर करतो, हे काही केल्या मला खरं वाटेना.

पण ते खरं होतं. पनवेलजवळच्या गावातल्या या आगरी माणसाला तरुणपणी त्याच्या कंपनीने दोन वर्षं तिकडच्या कारखान्यात शिकायला पाठवलं होतं. तिथल्या एका म्हाताऱ्या फिटरच्या शेजारी उभं राहून काका ती भाषा शिकले. "त्यो आदी पाना फिरवून दाखवायचा, मंग शबुद द्यायचा," ते सांगत. "आदी शबुद दिला असता तर माजा बोट गेला असता." आता ते रोडपालीला मुलाकडे राहत आणि रसायनं तापवणारा आमचा मोठा रिअ‍ॅक्टर झेक बनावटीचा असल्यामुळे काम निघेल तसे येत.

त्यांच्याकडे एक लांबट वही होती. पहिल्या रकान्यात इंग्रजी क्रियापद, दुसऱ्यात देवनागरीत झेक, आणि तिसऱ्यात ते काम ज्याने त्यांच्या डोळ्यांदेखत केलं त्याचं नाव. 'टाइटन, उताहनोउत, नामदेव', म्हणजे नट आवळणारा हात नामदेवचा. 'क्लीन, विचिस्तित, नामदेव.' नामदेव हा त्या रिअ‍ॅक्टरचा ऑपरेटर, खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, हसरा गडी. काका दिसले की तो लांबूनच ओरडायचा, "काका, आज कंचा शबुद?" आणि जाताना त्यांच्या पिशवीत सुकटीची पुडी सरकवायचा. एका 'टाइटन'साठी अख्खी दुपार घालवणाऱ्या या माणसाची मी कँटीनमध्ये यथेच्छ चेष्टा करत असे.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी वार्षिक अहवाल जायचा होता. तो वाचूनच झेक कंपनी रिअ‍ॅक्टर आणखी वर्षभर चालवायला परवानगी देत असे. त्यात दसऱ्यानंतरच्या तारखेची एक ओळ होती, 'सेफ्टी व्हॉल्व्ह इन्स्पेक्टेड'. आत दाब वाढला की तो व्हॉल्व्ह आपोआप उघडतो. नाही उघडला तर काय होईल, हे कारखान्यात कुणी मोठ्याने बोलत नसे. काकांनी 'इन्स्पेक्ट'पुढे वहीत दोन शब्द लिहिले. "ह्यो प्रोहलेदनोउत, म्हंजे नुस्ता डोल्यांनी बगितला. आनि ह्यो विस्कोउशेत, म्हंजे उगडून, चालवून बगितला. तुमी काय केलाव?"

"अहवालात इन्स्पेक्टेड लिहिलंय ना, काका."

"हात कोनाचा?"

काका रिअ‍ॅक्टरचा जिना चढून वर गेले, मीही मागोमाग गेले. दसऱ्याला पोरांनी सगळी यंत्रं धुऊन, रंगवून पुजली होती. व्हॉल्व्हवरही निळ्या ऑइलपेंटचा जाड हात बसला होता. नट, सांधे, सगळं त्या रंगाखाली एकजीव झालं होतं आणि रंगाला कुठे तडासुद्धा नव्हता. वर हळदीकुंकवाची बोटं आणि सुकलेला झेंडू. काकांनी हात लावला नाही. खाली येऊन ते पाणी प्यायले आणि म्हणाले, "पूजा झालीय, बाय. उगडला कोनीच नाय."

मॅनेजरसाहेबांची मालाची ऑर्डर आधीच रखडली होती आणि व्हॉल्व्ह उतरवायचा म्हणजे चार दिवस प्लँट बंद. "काका, तुम्ही भाषांतर करा. तपासणी आमच्यावर सोडा," ते म्हणाले. काकांनी पेन्सिल खिशाला लावली. "खोटा मी नाय लिवनार," एवढंच बोलून ते निघून गेले. वही टेबलावरच राहिली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी इंटरनेटवरून अहवाल कसाबसा झेकमध्ये उतरवला. त्या एका ओळीसाठी मात्र वही उघडली आणि दुसरा, चालवून बघितल्याचा शब्द घेतला. परवानगी त्याच शब्दाने मिळणार होती, हे मला नीट ठाऊक होतं. वर जाऊन तो रंग मी स्वतः पाहिला होता, हेही इथे लिहून टाकते.

दुसऱ्या दिवशी काका वही न्यायला आले. "बाय, खरा सांग. कंचा शबुद गेला?"

"पहिला," मी म्हणाले. "नुसतं डोळ्यांनी पाहिल्याचा."

त्यांचा चेहरा सैल झाला. "मंग झेकवाले इचारतील, चालवून का नाय बगितला. ते लोक सोडनार नाय." विचारणा येईल या भरवशावर ते रोज सकाळी गेटवर येऊन उभे राहत. साहेबांच्या हुकमावरून सुरक्षारक्षक त्यांना आत सोडत नसे. नामदेव पाळीवर जाताना दिसला की त्याला थांबवून म्हणत, "त्या रिअ‍ॅक्टरखाली जास्त उबा राऊ नको रं." नामदेव हसायचा. "मंग काम कुटं करू, काका?" मी खिडकीतून हे पाहत असे आणि आज सांगू, उद्या सांगू करत असे. परवानगी केव्हाच आली होती, आभाराच्या पत्रासकट.

अहवाल गेल्यापासून विसाव्या दिवशी, अकराच्या चहाच्या वेळी, खिडक्यांच्या काचा एकदम आत आल्या.

व्हॉल्व्ह उघडलाच नव्हता. नामदेव दोन दिवस जगला. कोळीवाड्यात त्याच्या दाराशी काका भिंतीला टेकून बसले होते. मला पाहून म्हणाले, "त्यांनी इचारला कसा नाय, बाय? मी वाट बगत व्हतो." मग मी सांगितलं, दुसरा शब्द गेला होता. काकांनी शिवी दिली असती, हात उगारला असता तर मला बरं वाटलं असतं. ते नुसते माझ्या हातांकडे बघत राहिले. चौकशीत मी तो शब्द कबूल केला, माझी नोकरी गेली. काका माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत.

चार वर्षांनी ते गेले. दिवस झाल्यावर त्यांची सून माझा पत्ता शोधत घरी आली. "मामांनी सांगून ठेवलं होतं, वही बायला द्या," म्हणाली. ती गेल्यावर मी पानं उलटली. नामदेवचं नाव जागोजागी होतं. 'इन्स्पेक्ट'पुढे ते दोन्ही शब्द होते आणि तिसरा रकाना मोकळा होता. पाहिल्याशिवाय काकांनी तिथे कुणाचं नाव लिहिलं नव्हतं, माझंसुद्धा.

मी पेन घेतलं आणि त्या रकान्यात माझं नाव लिहिलं.