लोखंड्याचं सुतक

अख्ख्या जिल्ह्यात खलनायकाच्या बाजूनं छाती पुढं काढून उभा राहणारा माणूस एकच, तो म्हणजे आमचे उचगावचे व्याही. माझी थोरली लेक त्यांच्या घरात दिलेली, तेव्हा मी सांगतोय ते ऐकीव नाही. टीव्हीवर एक मालिका लागायची. निळे कपडे घातलेलं पोरगं त्यात आभाळात उडायचं, लोखंडी चिलखतातला एक दुष्ट शहरं पाडत सुटायचा आणि दर रविवारी सकाळी दोघांची जुंपायची. मी असलं काही बघत नाही, बघणारही नाही. पण लेकीकडं गेलं की कानावर येतंच. निळा जिंकला की गल्लीतली पोरं टाळ्या पिटायची, आणि व्याही टीव्हीकडं पाठ करून बसायचे.

व्याह्यांचा उभा जन्म फौंड्रीत लोखंड ओतण्यात गेला. त्यांचा हिशेब सरळ. "निळ्याला ताकद कुठनं आली? अंगावर वीज पडली म्हणून! फुकटची! आमच्या लोखंड्यानं चिलखत सोता ओतलंय, सोता घासलंय." लोखंड्या हे नावही त्यांनीच ठेवलेलं. तो शहरं पाडतोय त्याचं काय, असं मी एकदा विचारलं, तर व्याह्याला इवाई म्हणायच्या त्यांच्या रीतीनं म्हणाले, "इवाई, पाडलेलं तेवढं दिसतंय व्हय तुम्हाला? खांद्यावरचा जोड बघा की! एक फट न्हाय." एकदा निळ्यानं ठोसा मारून त्या चिलखताला तडा पाडला, तर यांना दिवसभर जेवण गेलं नाही. निळ्याला श्रेय द्यायला मात्र तयार नाहीत. "साच्याची वाळू ओली ऱ्हायली असणार, म्हणून तडकलं," म्हणाले.

गेल्या वर्षी लोखंड्या आपल्याच भट्टीत पडून मेला. रविवारी तो मेला, सोमवारी व्याह्यांनी मिशी उतरवली आणि घरात दहा दिवसांचं सुतक सांगितलं. नेमकं मंगळवारी नातीची सुपारी फोडायला बिद्रीचे पाहुणे यायचे होते. मुलगा नातीला मनापासून आवडलेला. त्याचा बाप मात्र असा की एकदा उठला तर पुन्हा त्या दारात यायचा नाही. मी व्याह्यांना समजावून बघितलं. "सुतकात सुपारी फुटत नसती," एवढंच बोलले. हट्टी मीही आहे, पण मेलेला माणूस निदान जन्मलेला तरी असावा, असं माझं मत.

पाहुणे आले. व्याह्यांचा सफाचट ओठ बघून मुलाचा बाप उंबऱ्यातच थबकला, आणि रीतीप्रमाणं खाली मान घालून सतरंजीवर टेकला.

"वाईट झालं. आम्हाला कायच कळीवलं न्हाय."

"लय मेहनती गडी," व्याही म्हणाले. "सगळं आपल्या हातानं उभं केलतं."

"मागं पोरंबाळं?"

"कोण न्हाय."

"वय काय असंल?"

"ते कधी दाखवलंच न्हाय."

पाहुण्यांनी मान वर केली. माझ्या लेकीनं मधल्या दारातनं खरं काय ते सांगून टाकलं. बाप ताडकन उठला. "टीव्हीतला? आमची चेष्टा लावलीया काय? चल रं, ऊठ!"

नात पोह्यांचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती पुढं आली.

"आबा, लोखंड्या मेला न्हाय. भट्टीत नुसतं चिलखत पडलंय. आत कोण न्हवतंच."

तोवर सतरंजीच्या दशा मोजत बसलेला मुलगा एकदम बोलला, "व्हय आबा. पुढच्या भागात दावणार हायेत."

व्याही दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिले. मग म्हणाले, "मग सुतक कशाचं? आणा सुपारी."

"ह्या पोराच्या तोंडातनं एवढं बोलणं मी पयल्यांदाच ऐकलं," असं पुटपुटत बापही खाली बसला.

लग्न झालं, नात बिद्रीला गेली. मालिकाही संपली, लोखंड्या काही परत आला नाही. परवा मी व्याह्यांना विचारलं, पोरीचा राग आला नाही का?

"इवाई, मला तवाच ठावं होतं. मोकळं लोखंड भट्टीत पडल्यावर तसा आवाज होत न्हाय. आत माणूस होता."

"मग बोलला का न्हाय?"

"पोरगी खोटं बोलली, आन् ते पोरगंबी तिच्या बाजूनं बोललं की हो. म्हटलं, उरलेलं सुतक आपलं मनातल्या मनात पाळू."