तेलीबांध्याच्या गेटवरचे वॉकीटॉकी

रायपूरमधल्या पोलिसातल्या नोकरीतली बरीच प्रकरणं आता मनात पुसट झाली आहेत. तेलीबांध्याचं हे एक प्रकरण मात्र जसंच्या तसं लक्षात आहे.

तलावाजवळच्या रस्त्यावर आमच्या एका वाहतूक हवालदाराला ट्रकने उडवलं. पाय मोडलेल्या अवस्थेत तो वायरलेसवर मदत मागत होता, पण कंट्रोल रूमला ऐकू येत होती एक बाई. आमच्याच चॅनलवर ती मराठीत कुणाला तरी झापत होती, "दोन नंबर गेटवर गाडी काहून थांबवून राहिले?" शेवटी एका रिक्षावाल्याने हवालदाराला दवाखान्यात पोचवलं.

पोलिसांच्या चॅनलवर बाहेरचं माणूस, ही साधी गोष्ट नव्हती. चौकशी सुरू होताच तिथल्याच एका सोसायटीतून रेल्वेतल्या एका निवृत्त काकांचा फोन आला. "साहेब, आमच्या गार्डच्या सेटवर तुमच्या लोकायचं सारं बोलणं ऐकू येऊन राहिलं."

ती बाई त्या सोसायटीची सुरक्षा सुपरवायझर निघाली. पंचनामा करून सेट जप्त केले. ती घाबरली होती, पण सरळ बोलत होती.

"दुकानदारानं सांगितलं, याले लायसन्स लागत नाही. मधे मधे दुसऱ्यायचा आवाज येते म्हणून मी त्याले विचारलं, तर म्हणे चालतेच असं."

माझा सहकारी म्हणाला, "सर, आवाज इसी का है. केस बन गया."

आवाज तिचाच होता. पण सेटमध्ये आमची फ्रिक्वेन्सी भरली कुणी? मी दुकानदाराला बोलावून घेतलं. गडी निर्धास्त होता.

"साहब, आधे वॉट का फ्री बँडवाला सेट है. लायसन्स नहीं लगता."

त्याने सांगितलेला नियम बरोबर होता. ठरवून दिलेल्या बँडवर अर्ध्या वॉटपर्यंतच्या सेटला परवाना लागत नाही. ताकद वाढली किंवा फ्रिक्वेन्सी बदलली, की केंद्र सरकारचा परवाना हवा. मी वाद घातला नाही. कंट्रोल रूमला कळवून एक सेट शिपायाबरोबर काही किलोमीटर लांब तात्यापाऱ्यात पाठवला, दुसरा तेलीबांध्यात दुकानदाराच्या हातात दिला.

"बोला," म्हटलं.

तो अडखळत बोलला. मधे सगळा बाजार आणि इमारती असूनही शिपायाचं उत्तर खणखणीत आलं, "हव साहब, एकदम साफ!"

अर्ध्या वॉटचा आवाज इतक्या भिंती ओलांडून जात नाही. दुकानदाराचा चेहरा उतरला. "ग्राहकों को दूर तक आवाज चाहिए थी, साहब. फ्री चॅनल पर भीड़ रहती है..." वायरलेस शाखेच्या तपासणीत पाच वॉट भरले. कॉम्प्युटरवरून फ्रिक्वेन्सी त्यानेच बदलली होती. असे आणखी सेट त्याच्या दुकानात सापडले. गुन्हा त्याच्यावर दाखल झाला, बाई साक्षीदार झाली.

जबाबानंतर ती दवाखान्यात हवालदाराला भेटायला गेली. मी बरोबर होतो.

"दादा, तुम्ही मदत मागत होते, तवा मीच बोलून राहिली होती."

तो हसला. "ताई, बटण दाबून बोलताना सेटवर दुसऱ्याचं ऐकू येत नाही. तुमचं ऐकू आलं असतं, तर तुमच्याकडेच मदत मागितली असती."

तपासात पहिल्यांदा हाती लागलेला माणूस फार सोयीचा असतो. आवाज जुळला म्हणून मी तिच्यापाशीच थांबलो असतो, तर फाइल बंद झाली असती, वरून शाबासकीही मिळाली असती, आणि ते सेट शहरभर विकले जात राहिले असते. त्यानंतर निवृत्तीपर्यंत, याच्या हातात ही वस्तू दिली कुणी, हे विचारल्याशिवाय मी एकाही आरोपपत्रावर सही केली नाही.