पडद्यावरचा डावखुरा

महादू गेल्याचं मला पौडच्या स्टँडवर एस.टी.च्या कंडक्टरनं सांगितलं. तिकिटं फाडता फाडताच म्हणाला, "मास्तर, तुमचा दोस्त गेला. पुण्याच्या दवाखान्यात... कावीळ." मी तसाच शाळेत गेलो, मुलांना पाढे म्हणायला लावले आणि खिडकीशी उभा राहिलो. याला आता महिना होत आला.

आम्ही एका वर्गातले. त्याच्या वडिलांची, आबांची, भाताची खाचरं धरणात गेली. ती वाचवायला आबा तरुणपणी सत्याग्रहात बसले आणि पोलिसांची लाठी खाऊन उठले. तेव्हापासून त्यांचा खांदा वर जात नाही. अशा माणसाच्या मुलानं पोलिसात जावं, ही दैवाची थट्टा म्हणायची की पोटाची, देव जाणे. आबांनी परवानगी दिली ती एका अटीवर. "पोट भर, पर गरिबावर हात उचलू नगंस." महादूनं शब्द दिला. त्याच्या डोळ्यांपुढे आमचा पौडचा पोलीस होता. हातात दंडुका आणि बाजारच्या दिवशी फुकटचा चहा. पण महादूला घेतलं सशस्त्र दलात. डोक्यावर लोखंडी टोप, हातात वेताची ढाल, खांद्याला बंदूक. तिथं शिपाई म्हणत नसत, जवान म्हणत. तो एकदा मला म्हणाला होता, "जवान म्हनलं की दुश्मन लागतोय, मास्तर. आन् आमच्या म्होरं तर आपलीच मानसं." पुढे संयुक्त महाराष्ट्रासाठी शहरं पेटली. आबांचा जीव त्या चळवळीत, आणि मुलगा तिच्यासमोर उभा! घरी मात्र तो सांगायचा, "आबा, मी कोठीवर असतोय. पोती राखतोय." एकदा सांगितलेलं खोटं मग दर रजेला सांगावं लागे.

काही वर्षांनी सरकारी प्रचाराची गाडी पौडला आली. जुन्या वार्तापटांचे तुकडे जोडून केलेला माहितीपट होता, पोलीस दल कसं सुसज्ज झालं ते सांगणारा. महादू रजेवर होता. आबा आमच्या दोघांच्या मध्ये बसले. परिस्थिती आटोक्यात येत आहे, असं कुणी भरदार आवाजात सांगत होतं, आणि पडद्यावर टोपांची रांग पुढे सरकत होती. लाठ्या उठल्या. सगळ्या उजव्या हातात, एकच डाव्या. खाली एक म्हातारा डोकं झाकून बसलेला... महादू डावखुरा. आबा मोठ्यानं म्हणाले, "कुनाचं पोर म्हनायचं ह्ये? आईबाप हायेत का न्हाईत याला?" आजूबाजूचे हसले. महादू जागचा हलला नाही. गर्दी अशी, की उठून जायलाही वाट नव्हती.

परतताना तो मागे रेंगाळला. "आबाला सांगू नगंस."

"तूच सांग. आणि सोड ती नोकरी."

"सोडू आन् धरनात नांगर घालू व्हय?"

मी रागानं पुढे चालू लागलो. त्यानंतर तो रजेवर येई, खाली मान घालून जेवी, गाईचं, पावसाचं विचारी आणि सुट्टी शिल्लक असतानाच परत जाई. बापलेक एका ओटीवर बसत, त्यापलीकडे बोलत मात्र नसत. असं घर मला बघवत नसे.

दहाव्यानंतर मी आबांकडे गेलो. ओटीवर भिंतीला टेकायला लागलो, तर म्हणाले, "तितं नगं. महादू बसतोय तितं." मी सरकून बसलो. ते पडद्यावरचं आता सांगून काय उपयोग, असं मनाशी म्हणत होतो. तेवढ्यात आबाच म्हणाले,

"त्यो पिच्चर आला हुता बग... सारं गाव पडद्याकडं बघत हुतं, मास्तर. ह्यो एकटा माज्याकडं बघत हुता. तवाच कळलं मला. म्हून तर इचारलं, कुनाचं पोर म्हनून. वाटलं, म्हनंल, आबा, तुमचंच..."

त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"मी काय टाकनार हुतो व्हय त्याला?"